प्रश्न तुमचे: एकट्याचा अल्बम, मागे ऑर्केस्ट्रा

या वेळी आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. बँडमध्ये बरीच वर्षं गाणाऱ्यांना आता स्वतःच्या नावावर अल्बम करायचा आहे, आणि तो व्हायोलिन, फ्लूट, हॉर्न घेऊन, ऐकणाऱ्याचं मन उचलून धरेल असा. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: माझी आठही गाणी मेजरमध्ये (शुद्ध स्वरांच्या पाश्चात्य स्केलमध्ये) आहेत, लय द्रुत आहे. तरी कॉम्प्युटरवर मागे स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, चेलोसारखी तारवाद्यं) भरल्या की गाणी आनंदी व्हायच्या ऐवजी जड वाटतात. मेजरमधली गाणी उदास कशी होतात?

उत्तर: तुम्ही बहुधा चार-चार ठोक्यांचे लांब सूर भरलेत. उल्हास वाद्यांच्या संख्येतून येत नाही आणि नुसत्या मेजरमधूनही येत नाही. तो हालचालीतून येतो.

आधी गणित पाहा. लय मिनिटाला १३२ ठोक्यांची असेल तर एक ठोका ०.४५ सेकंदाचा आणि अर्धा ठोका ०.२३ सेकंदाचा होतो. मऊ सुरुवातीच्या स्ट्रिंग्जच्या सॅम्पलला (संगणकावर वाजणाऱ्या, आधी मुद्रित केलेल्या सुरांना) पूर्ण आवाजात यायला ०.१ सेकंद सहज लागतो. म्हणजे अर्ध्या ठोक्यातला जवळपास अर्धा भाग सूर फुलण्यातच जातो. ऐकणाऱ्याला हे नेमकं सांगता येत नाही, पण गाणं कुणीतरी मागून ओढतंय असं त्याला वाटत राहतं. असा ट्रॅक ०.०८ ते ०.१ सेकंद अलीकडे सरकवा. तेवढ्याने निम्मं काम होतं.

उरलेलं काम मांडणीचं आहे. कडव्यात दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला यांना बो (गज) उसळवून अर्ध्या-अर्ध्या ठोक्याचे तुटक सूर द्या. आठ अर्ध्या ठोक्यांत वजन ३-३-२ असं टाका, म्हणजे पहिल्या, चौथ्या आणि सातव्या सुरावर. चेलोला बो नको, बोटाने तार छेडू दे. पहिलं व्हायोलिन कडव्यात गप्प ठेवा. ते शेवटच्या ध्रुवपदासाठी राखून ठेवलेलं धन आहे.

खर्जाची ओळ चढती ठेवा. बेस सा, रे, ग, म असा चढला की साधे कॉर्डसुद्धा पुढे झेपावतात: सा आणि ग वर मूळ कॉर्ड, रे वर पंचमाचा कॉर्ड, म वर मध्यमाचा. चौथ्या मात्रेत (इथे मात्रा म्हणजे चार ठोक्यांचा एक बार) पुन्हा सा वर उतरायची घाई करू नका. ध्रुवपदाची सुरुवातच म वर केली तर घरी परत येण्याची ओढ आठ मात्रा टिकते, आणि त्या ओढीतच गाण्याची प्रसन्नता आहे. लांब सूर हवेच असतील तर ध्रुवपदाच्या फक्त दुसऱ्या निम्म्यात घ्या.

प्रश्न: खरे वादक चारच मिळू शकतात. चार जणांत ऑर्केस्ट्रा उभा राहील का, की सगळं सॅम्पलवरच करावं?

उत्तर: उभा राहील. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो घ्या आणि तेच भाग थरांवर थर वाजवून घ्या. मात्र तो थर कसा चढवता त्यावर सगळं आहे.

एक सापळा आधी सांगतो. एकच ओळ फक्त दोन व्हायोलिनवर वाजवली तर ती सगळ्यात वाईट वाटते. एक जण ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४२ वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. एकटं व्हायोलिन चालतं, तीन किंवा जास्त असतील तर हेलकावे एकमेकांत मिसळून भरदारपणा येतो. दोन मात्र कानाला भांडताना ऐकू येतात.

पहिला थर नेहमीच्या जागी बसून वाजवा. दुसऱ्याला दोन्ही व्हायोलिनवादक आपापल्या ओळी अदलाबदल करतील. तिसऱ्याला खुर्च्या माइकपासून मीटरभर मागे न्या, आणि जमलं तर वाद्य किंवा बो बदला. चौथ्याला व्हायब्रेटो (सुराला बोटाने दिलेला कंप) अगदी कमी ठेवायला सांगा. चारही थरांत तोच हात, तोच व्हायब्रेटो, तीच जागा राहिली तर चौपट मोठं एकच व्हायोलिन ऐकू येतं, ताफा नाही. एकाच टेकची नक्कल करून ती थोडी सरकवण्याचा मोह टाळा. दोन्हींच्या लहरी एकमेकींना ठरावीक ठिकाणी कापतात आणि आवाज पाइपमधून आल्यासारखा पोकळ होतो. चेलोचे दोनच थर पुरेत, नाहीतर खालचा भाग फुगतो.

वेळेचा अंदाज असा: चार मिनिटांचं गाणं, चार थर, प्रत्येकाचे दोन टेक, म्हणजे ३२ मिनिटं निव्वळ वादन. सूर जुळवणं, ऐकणं, चुकलेली मात्रा पुन्हा घेणं धरून सव्वा तास. तीन तासांच्या सेशनमध्ये दोन गाणी धरा. तिसरं धराल तर शेवटच्या तासात मनगटं थकलेली असतात आणि तुटक सूर चिकट होतात.

सॅम्पल टाकून देऊ नका. खऱ्या वादनाच्या खाली ८ ते १० डेसिबल कमी आवाजात ठेवा. मात्र सॅम्पलमध्ये मोठ्या सभागृहाचा घुमारा आधीच भरलेला असतो. तो बंद करून जवळच्या माइकचा आवाज निवडा आणि दोघांना एकच रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) द्या.

प्रश्न: आमच्या बँडच्या गिटारी अर्ध्या सुराने उतरवलेल्या असतात, त्यामुळे माझी बरीच गाणी काळी एकमध्ये आहेत. अरेंजर (वाद्यांची मांडणी लिहिणारा) म्हणतो पट्टी बदला. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि तो कानाला लगेच कळतो. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन, म्हणजे जी, डी, ए, ई. काळी एकच्या मेजरमध्ये यातला एकही सूर येत नाही. पांढरी दोनच्या मेजरमध्ये चारही येतात. तुम्ही दुसरा कुठला सूर वाजवत असताना मोकळ्या तारा आपोआप थरथरतात आणि वाद्याला झळाळी येते. काळी एकमध्ये ती थरथर मिळत नाही, शिवाय बोटं सतत दाबलेली राहिल्याने सूर कणसूर व्हायची शक्यता वाढते.

ब्रासचं, म्हणजे ट्रम्पेट, हॉर्नसारख्या पितळी वाद्यांचं, उलट आहे. बी-फ्लॅट ट्रम्पेटचे सूर पानावर एक पूर्ण सूर वर लिहावे लागतात, म्हणून त्या वादकाला तुमची पांढरी दोन पांढरी तीनमध्ये वाचावी लागते, म्हणजे चार शार्प (अर्ध्या सुराने चढवलेले सूर). काळी दोन मात्र त्याला पांढरी चारमध्ये दिसते, एकाच फ्लॅटसह (उतरवलेल्या सुरासह). म्हणून स्ट्रिंग्जवर उभी असलेली गाणी पांढरी दोन किंवा पांढरी पाचमध्ये आणि ब्रासवर उभी असलेली काळी दोन किंवा काळी पाचमध्ये न्या. गळ्याचा कौल सगळ्यात वरचा, हे वेगळं सांगायला नको. नव्या पट्टीतला सगळ्यात वरचा सूर दोन तास गाऊन झाल्यावर लागतो का ते पाहा. सकाळी ताज्या गळ्याने लागला यावर पट्टी ठरवू नका.

प्रश्न: गिटार आणि आवाज मी क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीशिवाय) ध्वनिमुद्रित केलेत, आणि ते टेक मला जिवापाड आवडतात. आता त्यावर स्ट्रिंग्ज बसत नाहीत.

उत्तर: टेक फेकू नका. तुमच्या लयीचा नकाशा करा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मात्रेचा पहिला ठोका हाताने खुणा करून बांधा, म्हणजे क्लिक तुमच्या मागे चालेल. मग पूर्ण क्लिक एकदा ऐका. दोन शेजारच्या मात्रांत मिनिटाला चार ठोक्यांहून जास्त उडी असेल तर ती खूण चुकलेली असते किंवा तिथे तुमचा हात खरोखर अडखळलेला असतो. अडखळणं दुरुस्त करा, श्वास घ्यायला रेंगाळलात ते मात्र राहू द्या. सुरुवातीला दोन मात्रांची मोजणी जोडायला विसरू नका. आठ वादक एकाच क्षणी बो टेकवणार, तर त्यांना लय आधी कानात हवी.

क्लिकचा आवाज ठोकळ्यासारखा, खालच्या सुराचा ठेवा. तीक्ष्ण टिकटिक हेडफोनमधून गळते आणि शांत जागी ध्वनिमुद्रणात उतरते. व्हायोलिनवाले एक कान मोकळा ठेवतात, तेव्हा त्या मोकळ्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा. शेवटचा सूर विरतो त्या दोन मात्रांत क्लिक आधीच मिटवून टाका. गळलेली टिकटिक नेमकी तिथेच सापडते, आणि सगळे घरी गेल्यावर सापडते.

प्रश्न: ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं, घंटीसारखं वाजणारं वाद्य) कधीच सुरात बसत नाही. वाद्य खराब आहे का?

उत्तर: बहुधा नाही. बरीच ग्लॉकेनस्पील ए = ४४२ हर्ट्झवर बनवलेली असतात आणि तुमचं बाकी सगळं ४४० वर असतं. हा फरक सुमारे ८ सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराचा बारावा भाग. पण हे वाद्य लिहिलेल्या सुरापेक्षा दोन सप्तकं वर वाजतं. तिथे १७६० हर्ट्झचा सूर १७६८ चा होतो आणि सेकंदाला आठ हेलकावे पडतात. ध्वनिमुद्रणानंतर तो ट्रॅक ८ सेंट उतरवा, झालं. वाद्याच्या पट्ट्या घासायला जाऊ नका.

प्रश्न: मी पुरुष गायक असून फॉल्सेटोत, म्हणजे पातळ, उंच आवाजात गातो. फ्लूट आल्या की माझा आवाज त्यांच्यात बुडतो. अरेंजरने लिहिलेली जलद ओळही वादकांना जमली नाही. फ्लूट सोडून द्याव्यात का?

उत्तर: सोडू नका. अशा अल्बममधली हवा त्यांच्यातूनच येते. तुमचा फॉल्सेटो ४४० ते ६६० हर्ट्झच्या आसपास रमतो. फ्लूटचं मधलं सप्तकही तिथेच सुरू होतं, आणि दोघांची जात सारखीच, गोल आणि श्वास मिसळलेली. ती ओळ एक सप्तक वर न्या. तुमच्या खालची जागा दोन क्लॅरिनेटना द्या, त्यांच्या सगळ्यात खालच्या, लाकडी आवाजाच्या भागात. पिकोलो (छोटी, आणखी वरच्या सुराची फ्लूट) फक्त शेवटच्या ध्रुवपदात. आणि तुम्ही शब्द गाताय तेव्हा फ्लूटने लांब सूर धरावा, तुमचा श्वास आला की धावावं. दोघांनी एकाच वेळी धावायचं नाही.

आता जलद ओळ. १३२ च्या लयीत पाव ठोक्याचे सूर म्हणजे सेकंदाला ८.८ सूर. प्रत्येक सूर जिभेने वेगळा तोडायचा तर एकेरी जीभ एवढी टिकत नाही, 'तु-कु तु-कु' अशी दुहेरी जीभ लागते. फ्लूटवर ती सोपी आहे. क्लॅरिनेटची रीड तोंडात असल्याने तिथे फार अवघड. म्हणून तीच ओळ क्लॅरिनेटला देताना सूर दोन-दोनच्या जोडीने बांधून लिहा.

दुसरी चूक श्वासाची. या लयीत चार मात्रा ७.३ सेकंदांच्या होतात. वरच्या सप्तकात जोरात वाजवताना माणसाला तेवढंच जमतं, सोळा मात्रा सलग नाही. सॅम्पलला श्वास लागत नाही म्हणून संगणकावर ही चूक दिसत नाही. दोन वादकांत ओळ वाटा: पहिला चार मात्रा वाजवून पाचव्या मात्रेच्या पहिल्या सुरावर थांबेल, दुसरा चौथ्या मात्रेच्या शेवटच्या ठोक्यापासूनच सामील होईल. एक ठोक्याची ही गुंफण ठेवली नाही तर प्रत्येक जोडावर खड्डा पडतो.

प्रश्न: वादकांना नोटेशन देताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: प्रत्येक मात्रेला क्रमांक, प्रत्येक विभागाला अक्षर, पान उलटायची जागा विरामावर. हॉर्न, ट्रम्पेट, क्लॅरिनेटचे भाग त्यांच्या पट्टीत बदलून छापा. जोर आणि हळूपणाच्या खुणा प्रत्येकाच्या पानावर वेगळ्या लिहिलेल्या हव्यात, नुसत्या मुख्य प्रतीत असून उपयोग नाही. तुटक सूर बो उसळवून वाजवायचे की तारेवर टेकवून, हे शब्दांत लिहा. नाहीतर त्या एका प्रश्नावर सेशनची वीस मिनिटं जातात.

प्रश्न: असा अल्बम करण्याआधी काय ऐकावं, आणि कसं?

उत्तर: आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचा गायक योन्सी याचा २०१० सालचा 'गो' ऐका. नऊ गाणी, चाळीसेक मिनिटं. बँडमध्ये योन्सी चेलोचा बो गिटारवर फिरवून लांबच लांब सूर काढतो आणि गाणी संथ उलगडत जातात. हा अल्बमही मुळात शांत, अकूस्टिक गाण्यांचा व्हायचा होता. तो उसळता झाला. त्यातल्या स्ट्रिंग्ज, ब्रास आणि वुडविंड्सची (फ्लूट, क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यांची) मांडणी अमेरिकन संगीतकार निको म्यूली यांची, तालवाद्यं फिनलंडच्या सामुली कोस्मिनेन यांची, आणि योन्सीसोबत निर्मितीत अ‍ॅलेक्स सोमर्स व पीटर केटिस होते. गाणी बहुतेक इंग्रजीत आहेत, थोडी आइसलँडिकमध्ये.

याच बँडने २००८ च्या अल्बममध्ये एका गाण्यासाठी ऑर्केस्ट्रा आणि मुलांचा गायकवृंद मिळून सुमारे ९० जण एकाच वेळी, एकाच टेकमध्ये वाजवते-गाते केले होते. ते गाणं भव्य आहे, पण संथ. 'गो'मधली द्रुत गाणी त्याच्या शेजारी ठेवून ऐका. संख्या आणि उत्साह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दहा मिनिटांत कळेल.

एक गाणं निवडा आणि चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त ताल: मुख्य ड्रमखेरीज किती बारीक खडखडाट चालू आहे ते मोजा. दुसऱ्यांदा फक्त खर्ज: तो कुठे थांबतो आणि कुठे सरकतो. तिसऱ्यांदा आवाजाच्या श्वासाच्या जागा: तिथे कोणतं वाद्य बोलतं ते कागदावर लिहा. चौथ्यांदा, कोणतं वाद्य कोणत्या मिनिटाला गप्प होतं. हा चौथा कागद तुमच्या अरेंजरला द्या, त्याला यातून सगळ्यात जास्त कळेल.

प्रश्न: ध्रुवपदात सगळी वाद्यं एकदम येतात आणि गाणं उलट लहान वाटतं. मिक्समध्ये काय करावं?

उत्तर: मिक्सच्या आधी मांडणी उघडा. बेस गिटार, डबल बेस, चेलो, हॉर्न आणि किक ड्रम हे सगळे २०० हर्ट्झच्या खाली एकत्र आले असतील. एक धरून ठेवा, बाकीच्यांना वर हलवा. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झची आहे, म्हणून ती वाजवलीच पाहिजे असं नाही. चेलो १३० च्या वर गायला लागला की त्याचा आवाज अचानक ओळखू येतो.

मग ध्रुवपदाच्या आधीची मात्रा रिकामी करा. बेस आणि किक काढून घ्या, फक्त आवाज आणि वर एखादा धरलेला सूर. त्या एका मात्रेच्या पोकळीमुळे पुढचं ध्रुवपद मोठं वाटतं, फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलून नाही. कडवं ध्रुवपदापेक्षा दोन-तीन डेसिबल खाली हाताने उतरवा. पहिल्या ध्रुवपदात नुसत्या स्ट्रिंग्ज, दुसऱ्यात हॉर्न, तिसऱ्यात वरचं व्हायोलिन आणि पिकोलो. सगळं पहिल्यांदाच दिलंत तर पुढे द्यायला काही उरत नाही.

मागचे गायन-थर चार ते सहा घ्या, पण शेवटची व्यंजनं फक्त एका थरात उच्चारा. सहा 'त' वेगवेगळ्या क्षणी पडले की सांडलेल्या खड्यांसारखे ऐकू येतात. रिव्हर्बला ३० ते ४० मिलिसेकंद उशीर द्या, म्हणजे शब्द आधी पोचतात आणि घुमारा मागून येतो.

शेवटी सगळं दाबून मोठं करायचा हट्ट नको. स्पॉटिफाय गाणी साधारण −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) पातळीवर आणून वाजवतं. तुम्ही −७ वर दाबलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि कडवं-ध्रुवपदातला जो फरक तुम्ही कष्टाने उभा केला तो दाबण्यात सपाट झालेला असतो, तो तसाच राहतो.

प्रश्न: अल्बम झाला, पण कार्यक्रमाला आम्ही पाचच जण. मंचावर हा ऑर्केस्ट्रा कसा न्यायचा?

उत्तर: न्यायचा नाही. प्रत्येक गाण्यातल्या दोन ओळी निवडा ज्यांच्याशिवाय गाणं ओळखू येणार नाही, आणि त्या माणसांकडून वाजवून घ्या. एक सहसा तुटक स्ट्रिंग्जची असते, ती कीबोर्डवर किंवा पियानोवर चांगली बसते. दुसरी फ्लूटची किंवा ग्लॉकेनस्पीलची. लांब सूर हवेच असतील तर ट्रॅकवर ठेवा, कारण कोण वाजवतंय याकडे तिथे कुणाचं लक्ष जात नाही. तालवाद्यं मात्र ट्रॅकवर टाकू नका, दोन जणांना मंचावर टॉम (एक प्रकारचा ड्रम) आणि झांजा बडवू द्या. ट्रॅक असेल तर ड्रमरच्या कानात क्लिक हवाच, आणि ट्रॅक वाजवणारं यंत्र ड्रमरच्याच हाताशी ठेवा: गाणं कोसळलं तर ते थांबवायचा निर्णय लय धरणाऱ्यानेच घ्यावा.